पाठमोरी मोजणी

१

मी बत्तीस वर्षं माणसं मोजली. वसमत आगारात वाहक होतो, आणि त्यातली एकवीस वर्षं वसमत–औंढा या एकाच रस्त्यावर काढली. गच्च भरलेल्या गाडीत कंडक्टर एकेक डोकं मोजत बसला तर औंढा येईल, मोजणी संपायची नाही. म्हणून एक सवय लागते. ड्रायव्हरकडे तोंड आणि प्रवाशांकडे पाठ करून उभं राहायचं. मागच्या कुजबुजीवरून, पिशव्यांच्या सळसळीवरून, गाडी किती दबली आहे त्यावरून आकडा आपोआप डोक्यात येतो. माझा आकडा फार तर एखाद्यानं चुकायचा. ड्रायव्हर लोक चहाची पैज लावायचे आणि चहा पाजायचे.

या मोजणीत एकच नियम. कंडक्टर स्वतःला मोजत नाही.

निवृत्त होऊन शिरड शहापूरला घरी बसलो तरी हे सुटलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती हीच. दुपारचे चार वाजले की दाराच्या पायरीवर, घराकडे पाठ करून, चहाची वाट बघत बसायचं आणि मोजायचं. घरात किती? एक. म्हणजे आशाबाई, माझी बायको. शेजारचा दगडोबा गप्पांना येऊन आत टेकला तर दोन. रोज बरोबर यायचं आणि रोज मला उगाच आनंद व्हायचा.

आमची पुढची खोली लांबडी आहे. वडिलांनी हळदीची पोती ठेवायला बांधली होती, म्हणून रुंदीला कमी आणि लांबीला भरपूर. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, दोन्ही भिंतींना गजांच्या खिडक्या. त्या खोलीत यंदा लग्नाची धांदल होती. आमची एकुलती एक कोमल संभाजीनगरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिचं वसमतच्या वैजनाथशी जमलं होतं आणि चैत्रातली तारीख निघाली होती. घरभर शेवया, कुरडया, पापड. बाहेर गल्लीत शिजवलेल्या हळदीचा वास. मी तर खुळ्यासारखा हसत फिरत होतो.

एकच अडचण होती. आशाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि बाईनं दिवाळीपासून आम्हाला पत्ता लागू दिला नव्हता. उजेड आणि सावली, एवढंच काय ते तिला दिसायचं. पण चूल, डबे, दोरीवरचे कपडे, सगळीकडे हात असा नेमका जायचा की कुणाला शंकाच येऊ नये. कळलं ते माझ्यामुळे. एके दिवशी मी मिठाचा आणि साखरेचा डबा पुसून एकमेकांच्या जागी ठेवला, आणि त्या दिवशी वांग्याची भाजी गोड झाली.

"डबा तुमी हलवला," ती म्हणाली. "मी बराबरच घातलं व्हतं."

नांदेडला ऑपरेशनची तारीख घेतली. लग्नाच्या तीन आठवडे आधीची. लेकीचं लग्न आईला डोळ्यांनी बघायला मिळावं, बाकी मला काही नको होतं.

मग एका दुपारी पायरीवरून वळून पाहिलं तर आशा स्वयंपाकघरातून दाराकडे येत होती. हातात चहाचा ग्लास. खोली रिकामी होती, चटयासुद्धा गुंडाळून ठेवलेल्या. आणि ती मधोमध, अंग तिरकं करून, कोपर अंगाशी घेऊन, एक एक पाऊल जपून टाकत येत होती.

ती चाल मी ओळखली. बत्तीस वर्षं मी तसाच चाललो होतो.

२

"आशा, अशी काहून चालून राहिली?"

"पाव्हन्यायच्या पायावर पाय नको पडाया."

"कोनते पाव्हने?"

ती हसली. चहा माझ्या हातात दिला आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"लग्नाचे. आठ दिस झाले येऊन. तुमी घाबरू नका. मला ठावं हाय ते खरे न्हाईत. हात लावाया गेलं तर कापडबी हाताला लागत न्हाई. पन दिसतात. लई देखणे दिसतात ओ. मला तुमचं नाक दिसत न्हाई, पन त्यायच्या फेट्याचा काठ दिसतो. बायायच्या लुगड्यावरली बुट्टी दिसते."

"बोलतात?"

"न्हाई. मांडीवर हात ठेवून बसून राहतात. खुश हायेत."

मी चहा घेतला. चव लागली नाही. रात्रीची वाट न बघता कोमलला फोन लावला, घराच्या मागे जाऊन, हळू आवाजात. वाटलं, पोरगी घाबरेल. ती उलट खुशीत आली.

"बाबा, आई वेडी झालेली नाही. नजर गेलेल्या खूप जणांना असं होतं, फक्त ते सांगत नाहीत. हे बघा, आपल्याला वाटतं की डोळे बघतात आणि मेंदूला कळवतात. बरेच शास्त्रज्ञ म्हणतात, उलटं आहे. मेंदू आधीच अंदाज करून ठेवतो, समोर काय असणार, पुढं काय होणार. डोळ्यांचं काम एवढंच, चुकलं तर सांगायचं. आईचे डोळे काही सांगतच नाहीत. मग अंदाज मोकाट सुटलाय."

"म्हणजे तपासणी पथक बंद पडलंय."

"काय?"

मी तिला समजावलं. कंडक्टरचा हिशेब हा त्याच्या मनाचा हिशेब असतो. रस्त्यात मधेच तपासनीस चढतो आणि माणसं मोजतो, म्हणून कंडक्टर भानावर असतो. तपासनीस कधीच चढणार नाही असं ठरलं, तर कंडक्टर मनाला येईल तेवढी माणसं गाडीत बसवील.

कोमल खूप हसली. हे वर्गात सांगते म्हणाली. "आणि काही जण तर म्हणतात, अंदाज आणि तपासणी यांची सारखी गाठ पडते ना, तीच आपली जाणीव. तेच आपलं जागेपण. काहींना ते पटत नाही."

"नक्की काय ते कुणाला ठावं हाय?"

"नक्की कुणालाच नाही. पण ऑपरेशन झालं की पाहुणे जातील, एवढं नक्की."

माझा जीव भांड्यात पडला. शिकलेली लेक घरात असावी ती यासाठी.

३

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी पायरीवर बसलो. गल्ली शांत होती. समोरच्या कडुलिंबाखाली दगडोबाची म्हैस रवंथ करत होती. आत आशा शेवयांचा डबा भरत होती, पत्र्यावर हात घासल्याचा आवाज येत होता. मी सवयीनं मोजलं.

पंचेचाळीस.

मी वळून पाहिलं. आशा एकटी. पुन्हा गल्लीकडे तोंड केलं, दोन मिनिटं मुद्दाम म्हशीकडे बघितलं, आणि पुन्हा मोजलं. पंचेचाळीस. आकडा सुटा आला नव्हता, त्याच्याबरोबर पाठीला ती ऊब आली होती. बसलेल्या माणसांची ऊब, केसांचं तेल, पिशवीतल्या भाकरीचा वास. भरल्या गाडीत जी येते ती.

मी स्वतःची समजूत घातली. भागवतराव, तुमच्या गाडीला चव्वेचाळीस आसनं होती. बत्तीस वर्षं भरलेली गाडी म्हणजे चव्वेचाळीस. बायकोनं पाहुण्यांचं नाव काढलं, आणि तुमच्या डोक्यानं भरली गाडी पुढं केली. चव्वेचाळीस आणि आशा एक. झाला हिशेब. अंदाज मोकाट सुटायला डोळेच जावे लागतात असं थोडंच आहे.

हे इतकं पटलं की मी सहज विचारलं, "आशा, किती पाव्हने हायेत गं?"

ती डबा बाजूला ठेवून उठली. बोट फिरवत मोजू लागली. एकेक नाही, जोडीजोडीनं. "हिकडं दोन, तिकडं दोन. हिकडं दोन, तिकडं दोन." मधल्या वाटेनं ती दारापर्यंत आली. "मागं चुलीच्या भितीला लागून सहा. दाराच्या अंगाला एक जोडी कमी हाय. चव्वेचाळीस झाले. आन् ही हितं दारापाशी एक जागा मोकळी हाय. हितं कुनी बसत न्हाई."

मी गाडीत आसनांची मांडणी कशी असते हे तिला कधी सांगितलं नव्हतं. ती माझ्या गाडीत आयुष्यात चार-पाच वेळा बसली असेल. पहिल्यांदा बसली तेव्हा नवी नवरी होती. खिडकीतून बघत तोंडाला पदर लावून हसत होती, झाडं मागं पळतात म्हणून.

"तोंड कुनीकडं हाय त्यायचं?"

"हिकडं. दाराकडं. तुमच्या पाठीवरून पल्याड बघून राहिलेत."

दारापाशी मोकळी असलेली ती जागा. गाडीत तिच्यावर लिहिलेलं असतं: वाहकासाठी राखीव. मी चहा अर्धाच ठेवून दगडोबाकडे गेलो, आणि दिवेलागणीपर्यंत त्याच्या म्हशीचं कौतुक ऐकत बसलो.

४

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कोमल रजा टाकून आली आणि आशानं नकार दिला.

"लग्नाला आलेल्या पाव्हन्याला लग्नाच्या आदी घालवायचं? अक्षदा न्हाई, जेवण न्हाई, आन् घराभाईर काढायचं? आपल्यात असं कोन करतं?"

"आई, ते खरे नाहीत. तूच म्हणालीस."

"व्हय. खरे न्हाईत. पन आलेत तर लग्नालाच ना."

कोमलनं दुपारभर समजावलं. मेंदू, अंदाज, मोतीबिंदू, सगळं झालं. आशा शांतपणे ऐकायची आणि शेवटी म्हणायची, लग्न होऊ दे, मग करू. अखेर कोमलचा बांध फुटला. "म्हणजे तू मला नवरी झालेली बघणारच नाहीस?" ती ओंजळीत तोंड घालून रडू लागली, आणि आशाचाही चेहरा कसनुसा झाला. पण ती हो म्हणेना.

मला ते बघवलं नाही. आणि मी तेच केलं जे प्रत्येक कंडक्टर करतो. औंढ्याला गाडी रखडली, लोक कुरकुरू लागले, आणि ड्रायव्हरचं जेवण अजून व्हायचं असलं, की कंडक्टर दारात उभा राहून खोटा भरवसा देतो. मी दारात उभा राहिलो. पहिल्यांदाच त्या रिकाम्या खोलीकडे तोंड केलं आणि ड्यूटीतला आवाज काढला.

"चला, जागा धरून बसा समदे. लग्न झालं की गाडी सुटेल. तवर कुनी उठायचं न्हाई, कुनाला उतरवनार न्हाई. बेल मी देतो. कुनाला मागं ठेवनार न्हाई, हा माझा शब्द हाय."

कोमल रडता रडता हसली. खिडकीतून दगडोबा म्हणाला, "भागवत, माजं बी एक अर्धं तिकीट फाड." सगळं कसं हलकं झालं.

आशा तेवढी हसली नाही. ती खोलीभर नजर फिरवत होती, त्या पांढुरक्या डोळ्यांनी.

"काय झालं गं?"

"आजवर तुमच्या पल्याड बघत व्हते," ती हळू म्हणाली. "आता तुमच्याकडं बघून राहिलेत." मग तिच्या तोंडावर समाधान आलं. "मान डोलावली. समद्यायनं. त्यायला चाललं. चला, करू ऑपरेशन."

दिलेला शब्द परत घ्यावा असं मला वाटलं. पण लेकीनं आईला मिठी मारली होती, आणि त्या क्षणी मी कशावरही सही केली असती.

५

पट्टी निघाली त्या दिवसाबद्दल मी कितीही सांगितलं तरी कमी आहे. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तिनं सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली, आणि कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. मग माझ्याकडे वळली.

"तुमी कवा म्हातारे झाले ओ?"

दवाखान्यातल्या सिस्टरसुद्धा हसल्या. दुसऱ्या डोळ्याचंही पाठोपाठ झालं. एस.टी.नं परत येताना वसमतपासून शिरडपर्यंत ती खिडकीला नाक लावून बसली होती. ऊस, हळदीचे ढीग, दुकानांच्या पाट्या, सगळं मला मोठ्यानं सांगत होती, जणू आंधळा मीच.

घरी आल्यावर दारातच थबकली. खोली बघितली.

"गेले का?" मी विचारलं.

"दिसून न्हाई राहिले," ती म्हणाली.

या दोन वाक्यांत फरक आहे हे मला ऐकू आलं होतं. पण आनंदाच्या घाईत माणूस किती गोष्टींकडे कानाडोळा करतो.

लग्न असं झालं की गावानं नाव काढावं. घरापुढेच मांडव टाकला होता. हळदीच्या दिवशी आशानं लेकीला हळद लावली, आणि बोटावरची हळद उन्हात धरून एकटीच बघत राहिली, बराच वेळ. अंतरपाट खाली आला तेव्हा सगळ्यांनी नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या. मी तेवढा आशाकडे बघत होतो. तिनं मूठ उघडलीच नाही. नुसती बघत होती. डोळ्यांना पाणी लागू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते त्या दिवशी कुणी पाळलं नाही. मला तसा आनंद आयुष्यात पुन्हा मिळायचा नाही, आणि मिळायची गरजही नाही.

आचाऱ्यानं विचारलं होतं, शेवटच्या पंगतीला पानं किती? मी पंगतीकडे पाठ करूनच म्हणालो, "दोनशे चाळीस." वाढप्यांनी मांडली, आणि उरलेल्या पत्रावळी परत आणून दिल्या. माणसं एकशे शहाण्णव होती. चव्वेचाळीस पानं जास्त झाली. मी वयावर ढकललं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडववाले बांबू घेऊन गेले. कोमलचा फोन आला. सासरी सगळे चेष्टा करत होते, मागून वैजनाथचा आवाज येत होता, पोरगी फोनवर सुद्धा लाजत होती. आशा दहा मिनिटं बोलली आणि गुणगुणत चहा टाकायला गेली. मी पायरीवर बसलो. घर रिकामं होतं, पण ते वाईट वाटणारं रिकामपण नव्हतं.

चार वाजले होते. मी मोजलं.

पंचेचाळीस.

या वेळी स्वतःची समजूत घालावीशी वाटली नाही. मला भीती वाटली, सरळ भीती, ऐन उन्हात घाम फुटेल अशी. मागे कुणीतरी पिशवी सावरली. कुणीतरी घसा खाकरला नाही, पण खाकरणार होतं. गाडी सुटायची वेळ झाली की प्रवासी गप्प होतात, तशी शांतता होती. ते वाट बघत होते, आणि ती माझ्या शब्दाची होती.

बत्तीस वर्षांत मी लोकांना उशीर खूप केला, पण कबूल केलेली बेल चुकवली नाही. आणि आशाला तिचे डोळे मिळाले होते. मी विचार केला, शब्द पुरा करू, पाहुणे आपल्या वाटेनं जातील. खुंटीवरच्या पिशवीतून माझा जुना तिकिटाचा पंच काढला. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दाराच्या लोखंडी कडीवर पंच दोनदा वाजवला.

टिण. टिण.

आणि तेव्हा, बेल देऊन झाल्यावर, मला माझी चूक कळली. डबल बेल दिली की प्रवासी जात नाहीत. गाडी जाते.

एक हलका हिसका बसला. गुडघ्यांनी तो आपोआप झेलला. मी स्वतःशी म्हणालो, हा अंदाज आहे, भागवत. बेलमागं हिसका येतो हे अंगात मुरलंय, म्हणून अंगानं तो करून घेतला. कोमल हेच सांगेल.

आत भांडी किणकिणली. "अवो, हळू," आशा स्वयंपाकघरातून म्हणाली. "चहा सांडला असता."

ती खोलीतून चालत आली. मधोमध, अंग तिरकं करून, दोन्ही हातांत दोन ग्लास धरून. दारात आली आणि खांदा चौकटीला टेकवून तोल सावरला. मी पायरीवर बसलो आणि तिच्याकडे बघत राहिलो. गल्लीकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं. पण तिचे डोळे नवे होते, डॉक्टरांनी पास केलेले, सगळ्यात खालची ओळ वाचणारे. घरात तपासनीस आता तीच होती.

तिनं माझ्या डोक्यावरून समोर बघितलं. आणि तिच्या तोंडावर ते हसू आलं, पदराआडचं, नव्या नवरीचं.

"लिंब मागं चाललं ओ," ती म्हणाली.

मला वाऱ्याची झुळूक लागली, शिजलेल्या हळदीच्या वासाची. म्हैस डावीकडून हळूच दिसेनाशी झाली. मी वळून खोलीत पाहिलं नाही. पायरीवर थोडा सरकलो आणि बाजूला हात थोपटला. "बस. ही जागा आपलीच हाय."

ती टेकली. गुडघ्याला गुडघा लागला. कुठं चाललोय, असं तिनं विचारलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही विचारावंसं वाटलं नाही. सवयीनं एकदा मागचं मोजलं. चव्वेचाळीस. बरोबर होतं.

"ग्लास धरून ठेव," मी म्हणालो. "पुढं वळन हाय."

आणि वळण आलं.